बशीतल्या पेशी आणि मोठ्या मायचं वरण

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या मायवर. गेल्या उन्हाळ्यात, तिच्या दुसऱ्या किमोनंतरच्या नवव्या दिवशी, गुरुवारी, सकाळच्या जेवणाच्या वेळी, वडनेर भोलजीतल्या आमच्या घरात. तिच्या ताटातली वरणाची वाटी उचलली गेली आणि पुढचे जवळजवळ चाळीस दिवस ती परत ठेवली गेली नाही. उचलणारा हात माझा होता.

पत्रक असं लिहायचं असतं, हे मला शिकवलेलं आहे. आधी कुणावर अन्याय झाला, मग कधी आणि कुठे, मग कुणी केला. रडगाणं नंतर. पाच वर्षं मी अशी पत्रकं लिहितोय. पाण्याची, रस्त्याची, आरोग्य केंद्रात डॉक्टर नसल्याची. प्रत्येकात तिसऱ्या ओळीला कुणीतरी साहेब असायचा, एखादं खातं असायचं, आणि ते लिहिताना पेन कागदाला भोक पाडेल इतका दाबला जायचा. या वेळी तिसऱ्या ओळीत मी आहे. म्हणून हे एका पानात मावलं नाही.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिला मूलबाळ नाही. मी दुसरीत असताना आईबाबा कामासाठी सुरतला गेले आणि माझी शाळा बुडू नये म्हणून मला मागे ठेवलं, ते तिच्यापाशी. वर्षभरासाठी ठेवलं होतं. मी तिथेच वाढलो. आईबाबा दिवाळीला यायचे, नवा शर्ट आणायचे, आणि तो मला लहान होतोय हे मोठी माय त्यांच्यासमोर कधी बोलायची नाही. ते गेले की रात्रीतून शिवण उसवून द्यायची.

आमचा भाजीपाल्याचा मळा आहे, दोन एकर. वांगी, मेथी, कोथिंबीर, म्हणजे आमचा सांबार, आणि त्याच्या वाफ्यांच्या कडेने मुळा. मोठी माय आठवडी बाजारात बसायची. मेथीची जुडी ती नजरेनं नाही, हातानं जोखायची. बोटांत पेंढी धरली की तिला कळायचं, आणि दहा जुड्या काट्यावर टाकल्या तर दहाही सारख्या. मला ते कधी जमलं नाही. माझी जुडी बघून ती म्हणायची, "हे काय बांधलं, बापा? हे तं नवरीचा हार होऊन राह्यला." गिऱ्हाईक हसायचं, मी चिडायचो, आणि ती माझी जुडी मुद्दाम सगळ्यात वर ठेवायची.

जेवण तिचं ठरलेलं. ज्वारीची भाकर, तिच्यावर तुरीचं घट्ट वरण, वरून कच्चं तेल. कुस्करून खायची. आमचं घर माळकरी, अंडं-मटण उंबरठ्याच्या आत येत नाही. तेव्हा अंगाला लागेल असं तिच्या ताटात जे काही होतं, ते त्या वाटीत होतं, आणि संध्याकाळच्या कपभर दुधात.

छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि अकोल्याच्या दवाखान्यात दर तीन आठवड्यांनी किमो सुरू झाली. आम्ही नांदुऱ्याहून गाडी धरायचो. ती खिडकीशी बसायची, मांडीवर पिशवी. पिशवीत रिपोर्ट आणि रिपोर्टांवर मेथीच्या दोन जुड्या, नर्सबाईंसाठी. केस गेले तेव्हा तिने डोक्याला रुमाल बांधला आणि मोठ्या बाबांना म्हणाली, आता तेलाचा खर्च वाचला. मोठे बाबा बोलत नाहीत फारसे. ते उठून मळ्यात गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत.

आता माझी चूक सांगतो. ती कुठल्याही गावात कुणीही केली असती असं नाही. ती आमच्याच भागात होऊ शकत होती.

आमचा पट्टा खारपाणाचा. बोअरचं पाणी इतकं खारट की तोंडात धरवत नाही. गावोगाव किडनीचे पेशंट आहेत, आणि माझं पहिलं पत्रक त्यांच्यासाठीच होतं. पुढच्या बाजूला गोड्या पाण्याची मागणी, मागच्या बाजूला किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलेली पथ्याची यादी. डाळ कमी, कडधान्य कमी, दूध कमी, तुमच्या डॉक्टरांना विचारून. ती यादी बरोबर होती. एका डॉक्टरांनी ती ओळीओळीनं तपासली होती. पण गाव यादी ओळीओळीनं वाचत नाही. गावानं त्यातले दोनच शब्द उचलले, डाळ बंद. मग आमच्याकडे कुणीही आजारी पडो, भेटायला आलेली बाई खाटेवर टेकायच्या आधी विचारते, डाळ बंद केली का? ताप असो, पाय मोडलेला असो. आम्ही त्यावर हसायचो. आणि मग मी, ज्याने ती यादी छापली होती, तेच केलं.

मोठ्या मायच्या दुसऱ्या किमोनंतर मी फोनवर एक लेख वाचला. इंग्रजीत होता, भाषांतर करून वाचला. कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत, एका पोषक द्रवात वाढवल्या होत्या. त्या द्रवातून मेथिओनिन नावाचं एक अमिनो आम्ल काढून घेतलं. अमिनो आम्लं म्हणजे ज्यांपासून प्रथिनं बनतात ती. मेथिओनिन त्यांतलं एक, जे शरीराला स्वतः तयार करता येत नाही, जेवणातूनच मिळवावं लागतं. ते काढल्यावर कॅन्सरच्या बऱ्याच पेशींची वाढ थांबली. साध्या पेशी मात्र त्याच्या जवळच्या दुसऱ्या एका पदार्थापासून ते बनवून भागवत राहिल्या.

खाली उंदरांबद्दल होतं. त्याच्या खाली माणसांबद्दल दोन परिच्छेद होते, सावध राहा म्हणणारे. ते मी वाचले नाहीत असं नाही. वाचले, आणि मला राग आला. एवढी मोठी गोष्ट, आणि आमच्यापर्यंत कुणी पोचवत नाही. औषधवाल्यांना नको असेल, म्हणून ते सावध दोन परिच्छेद. जेवणातून काही काढून टाकण्यात कुणाचा धंदा होतो? असा मी विचार केला. मला राग आला की मी विचार केला असं मला वाटतं. ही माझी जुनी खोड आहे.

दोन तासांत पत्रक तयार झालं. मथळा होता, "गाठीला जेवू घालू नका." काय खायचं नाही याची यादी करायची वेळ आली तेव्हा मेथिओनिन कशात किती असतं हे मी पाहिलं नाही. यादी कॉम्प्युटरवर तयारच होती. किडनीच्या पत्रकाची मागची बाजू उचलली आणि इथे चिकटवली. 'तुमच्या डॉक्टरांना विचारून' हे शब्द जागेअभावी काढले. नांदुऱ्यात पिवळ्या कागदावर दोनशे प्रती काढल्या.

त्या गुरुवारी सकाळी मी मोठ्या मायला ते वाचून दाखवलं. तिला अक्षरं येतात, पण मी वाचलेलं तिला आवडतं. जेवायला बसली होती. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तिने सगळं ऐकलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग विचारलं, "मंग मी काय खाऊ रे?"

भाकर खा, पालेभाजी खा, फळं खा, मी म्हणालो. आणि वाटी उचलली.

तिने वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तू म्हणतं तं सोडलं," म्हणाली, आणि कोरडी भाकर मेथीशी खायला लागली.

इथवर झालं असतं तर पुढे सोपं होतं. पण मोठ्या मायसाठी 'सोडलं' हा काही पथ्याचा शब्द नाही. आमच्याकडे आजारपणात माणूस देवासमोर काहीतरी सोडतं. कुणी साखर सोडतं, कुणी चपला, कुणी पान. सोडताना तोंडाने म्हणायचं असतं, आणि एकदा म्हटलं की मग वैद्य सांगो की राजा, मोडायचं नसतं. त्याच दुपारी ती मोठ्या बाबांना घेऊन शेगावला गेली. तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, तेवढ्या उन्हात दर्शनाच्या रांगेत उभी राहिली आणि महाराजांसमोर बोलून आली. मी बरी होत नाही तोवर वरण आणि दूध सोडलं.

मी देवाचं काही मानत नाही. पण माझं पत्रक महाराजांपर्यंत गेलं, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, म्हणून लिहितो.

तिसऱ्या किमोला वजन दोन किलो उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, जेवण वाढवा. मी मान हलवली. बाहेर येऊन मोठ्या मायला सांगितलं की उतरणारच, गाठ उपाशी मरतेय त्याची ती खूण आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दहावीचा निकाल घेऊन आलोय.

त्यानंतर ती झपाट्याने उतरली. हातातल्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. विहिरीपर्यंत जाऊन यायला मध्ये दोनदा बसायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची की मी वांग्याला कीड लागली का ते पाहून राह्यली. एकदा मी तिला पाणी द्यायला उठवलं, तर माझ्या तळहाताला तिच्या पाठीचे मणके एकेक लागले. मी ते मोजल्यासारखे चाचपले आणि तरी वाटी परत ठेवली नाही. पत्रक छापून झालं होतं ना.

चौथ्या किमोला डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, वजनाचा आकडा पाहिला आणि म्हणाले, आज देता येणार नाही. एक्कावन्न किलोची बाई पंचेचाळीसवर आली होती. अशा अंगावर औषध घातलं तर औषधच तिला पाडेल, दोन आठवड्यांनी या, वजन चढलेलं पाहिजे, तेव्हाही असंच असेल तर मला सगळंच नव्याने ठरवावं लागेल. आणि आम्हाला खाली आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

छोटी खोली होती. बाई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मोठ्या मायला विचारलं, दिवसभरात काय काय खाता? मोठ्या मायने शाळेतल्या पोरीसारखं पाठ म्हणून दाखवलं. भाकर, मेथी, पालक, दोडका, टरबूज.

"वरण?"

"सोडलं."

"दूध?"

"ते बी."

"कुणी सांगितलं सोडायला?"

मोठी माय माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे मान वळवली नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, "कोणी नाई, मॅडम. मीच सोडलं."

माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी एवढं खोटं बोललेलं नाही. मी पिशवीतून पत्रक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

बाईंनी ते पूर्ण वाचलं, मागची बाजूसुद्धा. "तुम्ही लिहिलंत?"

हो म्हणालो.

"छान लिहिलंय. पटकन पटतं माणसाला." मग पत्रक माझ्याकडे सरकवलं. "आता मला एक सांगा. बशीला स्नायू असतात का?"

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी भांडलो असतो, भांडण मला येतं. त्यांनी सावकाश समजावलं. बशीतून मेथिओनिन काढलं की ते गेलं, पेशीला दुसरीकडून मिळत नाही. माणसाच्या अंगातून काढायला गेलं की अंग स्वतःचे स्नायू मोडतं आणि त्यातून ते रक्तात सोडतं. गाठ तिथूनच घेते. म्हणजे गाठीचं ताट भरलेलंच राहतं, फक्त ते आता यांच्या हातापायांतून भरलं जातं.

संशोधन खोटं आहे का मग, असं मी विचारलं. खोटं नाही, त्या म्हणाल्या. गंभीर लोक त्यावर काम करतात, मीही वाचते. पण माणसांवर करून पाहतात तेव्हा मोजून बनवलेलं खाणं देतात, बाकीची अमिनो आम्लं पुरवतात, रक्त आणि वजन सारखं तपासत राहतात. एवढं करूनही पेशंटला घरी जाऊन अमुक खाऊ नका असं सांगण्याइतकं अजून कुणाच्या हाती नाही. आणि किमो चालू असलेल्या बाईला प्रथिनं जास्त लागतात, कमी नाही.

मग त्यांनी माझ्या यादीवर बोट ठेवलं. "आणि ही यादी कुठून आणलीत? प्रथिनांच्या मानाने मेथिओनिन कमी कशात असतं, तर डाळींमध्ये. जास्त असतं अंड्यात, मासळीत, तिळात. तुमच्याच हिशेबाने चाललं असतं तरी यांच्या पुढ्यातून ही वाटी उचलायचं कारण नव्हतं."

मोठी माय हे सगळं ऐकत होती. तिला किती कळलं माहीत नाही. खोलीतून बाहेर आल्यावर तिने आधी माझा हात धरला. आधारासाठी धरला असं कुणालाही वाटलं असतं.

गाडीत मी तिला सरळ सांगितलं. मी चुकलो, वरण खायचं, दूध प्यायचं, आजपासून. ती खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, "तू चुकला तं काय झालं. लेकरू चुकते. पण मी सोडलं नं आता."

मी समजावलं, विनवलं, शेगाव स्टेशन येईपर्यंत आवाज चढला माझा. समोरची बाई तिच्या पोराला जवळ घेऊन बसली. शेवटी मोठी माय म्हणाली, "तुहा कागद तू उद्या नवा छापशीन. मी महाराजासमोर बोलली." आणि डोळे मिटले.

दोन आठवडे होते. पहिले तीन दिवस तिने तिच्या परीने उपाय केला. भाकर अर्धी जास्त खायची, आणि ती उलटून पडायची. मी शेंगदाण्याची चटणी आणली, केळी आणली. तोंडाला छाले होते, चटणी झोंबायची. चौथ्या दिवशी मोठ्या बाबांनी मळ्यातला काटा अंगणात आणला, ज्यावर आम्ही वांग्याचे क्रेट मोजतो. तिला म्हणाले, बस. ती चढून बसली, पाय पोटाशी घेऊन.

"वांग्याच्या भावात इकता का मले?" ती म्हणाली.

"काटे हायेत तुले, कोणी घेत नाई," मोठे बाबा म्हणाले. काट्यावर चव्वेचाळीस होतं. त्यांनी आकडा दोनदा पाहिला आणि तिला हात देऊन उतरवलं.

थोड्या वेळाने ते माझ्याकडे आले. मी ओट्यावर बसलो होतो. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी घरात कधी ऐकली नव्हती. ते सोळा वर्षांचे असताना त्यांना टायफॉईड झाला, जगतील असं वाटत नव्हतं. त्यांच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, चपला सोडल्या. त्या वर्षी तिच्या टाचा अशा फुटल्या की चालता येईना, रक्त यायचं. पण सोडलेल्या चपला घालणार कशा? तेव्हा माझ्या वडिलांनी, ते दहा-अकरा वर्षांचे होते, ते स्वतःच्या अंगावर घेतलं. देवासमोर जाऊन सांगितलं की मायचं मी घेतो. आजीने चपला घातल्या आणि माझे वडील सहा महिने अनवाणी शाळेत गेले.

"घरच्यानं घेतलं तं चालते," मोठे बाबा म्हणाले. "सोडवलं तूच. पत्रक काढाले पुढे असतं, आता हे घ्याले बी हो पुढे."

मी म्हणालो की मी नवसाच्या विरोधात लिहिलेलं आहे, गावाला माहीत आहे.

"मंग याच्यावर बी एखांदं काढजो," ते म्हणाले आणि काटा उचलून परत मळ्यात घेऊन गेले.

मोठी माय लगेच तयार झाली नाही. तिची अडचण वेगळीच निघाली. "तू काय खाशीन मग? वयात आलेलं पोट्टं." मी म्हणालो, मला काही होत नाही, मला किमो चालू नाही. ते तिला पटलं नाही. दुपारभर ती त्यावर विचार करत खाटेवर पडून राहिली. संध्याकाळी म्हणाली की उद्या जाऊ.

शेगावला आम्ही तिघे गेलो. रांगेतल्या लोकांनी तिचा रुमाल पाहून पुढे जाऊ दिलं. मी हात जोडून उभा राहिलो आणि मनात काहीतरी म्हणू लागलो, तर तिने कोपराने ढोसलं. "तोंडानं बोल. काय घेतलं, कोनाचं घेतलं, कधीलोक." मला हसू आलं असतं, पण नाही आलं. पत्रकात मी जेवढं स्पष्ट लिहितो तेवढं स्पष्ट बोललो. मोठ्या मायने वरण आणि दूध सोडलं होतं. ते मी माझ्यावर घेतो. ती बरी होईपर्यंत मी वरण खाणार नाही, दूध पिणार नाही. आजपासून ती मोकळी.

"मनापासून?" तिने विचारलं.

"हाव," म्हणालो. आणि मनापासूनच होतं. कुणाला सांगत होतो ते मला माहीत नाही, पण खोटं बोललो नाही.

बाहेर आलो तसं मी तिला जवळच्या खानावळीत घेऊन गेलो. ताट आलं. वरणाची वाटी तिच्यासमोर होती, वाफ येत होती, आणि ती तशीच बसून होती. मी माझ्या ताटातली वाटी उचलून मोठ्या बाबांच्या ताटात ठेवली. ते तिने पाहिलं. मग बोट बुडवून चाटलं. मग भाकर मोडली, वरण ओतलं, कुस्करलं आणि पहिला घास घेतला. छाले झोंबत असणार, डोळ्यांत पाणी आलं. गिळून झाल्यावर म्हणाली, "मीठ कमी हाये." आणि वाढप्याला अजून एक वाटी मागितली.

मोठे बाबा ताटात मान घालून जेवत होते.

त्या दिवसापासून दर दोन तासांनी काहीतरी. आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर लिहून पाठवलं तसं. पातळ वरण, दह्यातली मऊ भाकर, मुगाचं धिरडं, दुधातली खीर, थोडं थोडं. मी वरण शिजवायला शिकलो. ते मला चाखता येत नाही, म्हणून मिठाचा अंदाज चुकतो, आणि ती रोज त्यावरून मला ऐकवते. मी नांदुऱ्याला स्टेशनबाहेरच्या गाडीवर अंडी खातो. तिला ते न सांगता कळलं. एकदा तिने हळूच विचारलं, किती खाल्ली? दोन, म्हणालो. तिने माळ चाचपली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "घरात बोलू नको. उद्या तीन खाय."

दोन आठवड्यांनी ती साडेसेहेचाळीस भरली. रक्त ठीक आलं. चौथी किमो लागली, मग पाचवी, सहावी. सलाईनच्या खुर्चीत बसून ती शेजारच्या बाईला मेथी कधी पेरायची ते सांगत होती. आता गोळ्या चालू आहेत, तीन महिन्यांनी तपासणी असते. केस आले, पांढरे आणि कुरळे आले, ते पाहून मोठे बाबा तिला कुणाची बाई म्हणून विचारतात. बरी झाली का, हे कोण ठरवणार ते आम्ही देवासमोर बोललो नव्हतो. ती ठरवेल. तोवर मी वरण खात नाही. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही.

पण दोनशे पत्रकं होती. ती मी घरोघर जाऊन परत मागितली. ज्या दारांत मी छाती काढून उभा राहिलो होतो त्याच दारांत उभं राहून म्हणालो की मी चुकीचं छापलं. एका घरात नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर होता. बायकोने पत्रक देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर खळीने चिकटवलं होतं आणि ती त्याला सात आठवडे भाताची पेज देत होती, नुसत्या भाताची. मी सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. "तुम्हीच तं देलं होतं, भाऊ," एवढंच म्हणाली, आणि नखाने पत्रक खरवडायला लागली. ते भिंतीवरून पूर्ण निघेना. मी तिच्या नवऱ्याला घेऊन अकोल्याला गेलो, त्याच खोलीत. बाईंनी मला ओळखलं आणि वजनाचा काटा पुढे केला.

एकशे सेहेचाळीस परत मिळाली. चोपन्न अजून कुठेतरी आहेत. काहींचे फोटो निघून फोनांवर फिरतायत, त्यांची मोजदाद नाही. आणि माझं नसलं तरी दुसऱ्या कुणाचं असंच काही तुमच्या फोनवर आज-उद्या येईल. साखर गाठीला पोसते, दूध पोसते, अमुक आम्ल पोसतं. त्यात बशीतलं एखादं वाक्य खरंही असेल. माझ्यातही होतं.

म्हणून ही विनंती नाही, मागणी आहे. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत ज्याला कॅन्सरचा इलाज चालू आहे, त्याच्याकडे आजच जेवणाच्या वेळी जा. त्याच्या ताटात काय नाही ते पाहा. ते कुणाच्या सांगण्यावरून काढलं ते विचारा. इलाज करणाऱ्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी सांगितलं असेल, किडनीचं किंवा दुसरं काही कारण असेल, तर हात लावू नका. शेजाऱ्याने, फोनने, माझ्यासारख्या कुणी सांगितलं असेल, तर त्याचं वजन करा, आकडा लिहून घ्या, आणि तो आकडा घेऊन या आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. देवासमोर सोडलं असेल, तर भांडू नका, तुम्ही अंगावर घ्या. आणि पिवळ्या कागदावरचं, "गाठीला जेवू घालू नका" अशा मथळ्याचं पत्रक तुम्हाला कुठे दिसलं, तर वाचत बसू नका. फाडा.